दुष्काळाची वाटणी : नीरा कालवा, बारामती आणि इंदापूर

मराठी ग्रामीण कथा-कादंबरी शिकवताना दुष्काळ हा विषय वारंवार समोर येतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) अखेरीस पावसाने पाठ फिरवल्यावर गाव उठून जाते. या शेवटाचे विवेचन करताना निसर्ग, नियती, माणसाची हतबलता ही पदे आपल्या तोंडी सहज येतात. त्या कादंबरीतील माणदेशापुरती ती बऱ्याच अंशी योग्यही आहेत. परंतु माणदेशाच्या उत्तरेस, फलटण-माळशिरसचा पट्टा ओलांडून नीरेच्या पलीकडे गेले की बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके लागतात. पाऊस तेथेही फार वेगळा नाही. वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. असे असूनही या तालुक्यांत दुष्काळाचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत मुळापासून बदलला. येथे दुष्काळ पडतो इतकेच म्हणून भागत नाही. त्याची वाटणी होते, आणि ही वाटणी कोणी, केव्हा, कोणत्या हिशेबाने केली हे सांगता येते. प्रस्तुत लेखात तो हिशेब मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम भूगोल. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाने भीमा आणि दुसऱ्या अंगाने नीरा वाहते. नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. बारामतीच्या मधून कऱ्हा जाते आणि सोनगावपाशी नीरेला मिळते. नद्यांनी असा वेढलेला प्रदेश पाण्यासाठी तहानलेला असावा ही विसंगती वरवरची आहे. या नद्यांना पाणी येते ते सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे. पूर्वेकडील सपाटीवर तो पाऊस पोहोचत नाही. शिवाय नदीचे पात्र खोल आणि शेत उंचावर. नदी दिसत असे, पण ती शेतात येत नसे. या भागाचे जुने नाव भीमथडी. थडी म्हणजे काठ. नावात नदी आहे, पण ओलितापेक्षा काठाचा निर्देश अधिक आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भीमथडीची ख्याती होती तिच्या तट्टांसाठी, म्हणजे पर्यायाने गवतासाठी. ज्वारी, बाजरी, करडई ही पिके, विहिरीवर मोट असेल तेथे थोडे बागाईत, आणि उरलेल्या विस्तीर्ण माळावर मेंढरे, गुरे, घोडी, अशी ही कोरड्या मुलखातली शहाणी व्यवस्था होती. बारामती तालुक्यातील उंडवडी गवळ्याची हे गावाचे नाव आजही त्या जुन्या अर्थकारणाची साक्ष देते.

मराठीच्या विद्यार्थ्याला बारामती प्रथम भेटते ती मोरोपंतांमुळे (१७२९–१७९४). कऱ्हेकाठच्या ज्या गावात त्यांनी आपले आयुष्य आर्यारचनेत वेचले, त्या गावाचे वैभव पेढीचे होते. बाबूजी नाईकांसारख्या सावकार-सरदाराच्या आश्रयाने ते उभे होते. जमिनीतून मिळणारे उत्पन्न बेभरवशाचे आणि ते बेभरवशाचे असल्यामुळेच पेढीचे महत्त्व मोठे, हा संबंध पुढच्या शतकात फार कठोर रूपात प्रकट झाला.

त्याची सुरुवात इंदापुरात झाली. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल याने केलेली जमीन पाहणी आणि सारा आकारणी सदोष व जड ठरली आणि शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी केली आणि १८३६ साली तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. मुंबई इलाख्यातील प्रसिद्ध सर्वे-पद्धतीचा हा पहिला प्रयोग. सारा हलका झाला, पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. या यशाची इंग्रजी कागदपत्रांत मोठी वाखाणणी आढळते. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. माळ नांगरला गेला म्हणजे गवत गेले. जो मुलूख वाईट वर्षी जनावरांच्या आधारे तगून राहत असे, त्याचा तो आधार आकसला. पाऊस अनिश्चित, पण सारा रोख आणि ठरलेला. मधली दरी भरून काढण्याचे काम सावकाराकडे आले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढा भाव मिळाला, तो पुढे कोसळला. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली. कर्जरोखे आणि वह्या हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंद झालेल्या उठावाची ही ठिणगी आजच्या बारामती तालुक्यात पडली. त्यानंतर वर्षभरातच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दंगा आणि दुष्काळ यांचे सान्निध्य लक्षात ठेवले म्हणजे कालव्याचा जन्म कळतो. सरकारला अन्नाची चिंता होती, तशी शांततेचीही होती.

नीरा डाव्या कालव्याचे काम या दुष्काळातून उभे राहिले. उपाशी माणसांनी आपल्याच भागासाठी माती उपसली. १८८५ साली कालव्यातून पाणी सुटले. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधून सह्याद्रीचा पाऊस साठवायचा, तो नीरेत सोडायचा, वीर येथे बंधाऱ्यावर अडवून कालव्यात वळवायचा आणि पुरंदर, बारामती करत पूर्वेला इंदापुरापर्यंत न्यायचा, अशी ही योजना होती. अवर्षणप्रवण मुलखातील ज्वारी-बाजरी वाचवणे हा तिचा घोषित हेतू होता.

याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पाटबंधारे खात्याच्या कारभारावर त्यांनी कोरडे ओढले आहेत, हे आपण वर्गात सांगतो. त्या ग्रंथातील दुसरा भाग मात्र बहुधा राहून जातो. डोंगरउतारावर आणि ओढ्यांवर बांध-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, त्यावर विहिरी जिवंत राहाव्यात, असा उपाय फुल्यांनी सुचवला होता. पाणी दुरून आणावे की पडेल तेथे मुरवावे, हा वाद आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला असे मानण्याचे कारण नाही. नीरा कालव्याचे पाणी सुटण्यापूर्वीच तो मराठी गद्यात मांडला गेला होता.

कालव्याचे पाणी आले आणि एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. ज्वारीच्या शेतकऱ्याला चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी नको असे. ते हवे असे वाईट वर्षी, जेव्हा सर्वांनाच एकदम हवे असते. म्हणजे दुष्काळनिवारणासाठी बांधलेल्या कालव्याचे पाणी बहुतेक वर्षी विकलेच जात नव्हते आणि पाणीपट्टीचे उत्पन्न बुडत होते. उसाचे तसे नव्हते. ऊस वर्षभर, दरवर्षी पाणी घेतो आणि चढी पट्टी देऊ शकतो. सासवडकडील माळी शेतकरी कालव्याच्या पट्ट्यात उतरले. बागाईत शेतीचे पिढीजात कौशल्य, मेहनत आणि बाजाराची जाण या बळावर त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला आणि गुऱ्हाळे चालवली. नीरेकाठच्या गुळाने पाटबंधारे खात्याचा हिशेब सावरला. हेतू ज्वारीचा, जमाखर्च उसाचा, ही फारकत कालव्याच्या पहिल्याच पिढीत पडली. पुढच्या सव्वाशे वर्षांतील बहुतेक भांडणांचे मूळ आमच्या मते तिच्यात आहे.

पाणीपट्टी पिकानुसार आणि एकरावर होती. किती पाणी घेतले याच्याशी तिचा संबंध नव्हता. साहजिकच मिळेल तेव्हा भरपूर पाणी देण्याची सवय जडली. नीरेच्या खोऱ्यातील काळी, खोल, चिकट माती पाणी धरून ठेवते. भूजलाची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर मातीच्या पोटातील क्षारही वर आले. शेतावर पांढरा थर दिसू लागला. जमीन चोपण झाली, असे शेतकरी म्हणू लागले. १९१० साली, म्हणजे पाणी सुटल्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत, हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने ती प्रसिद्ध केली. कोरड्या मुलखाला पाण्याने पोळले, या अनुभवाची ही फार जुनी नोंद आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला माती पाण्यावाचून नापीक, आणि खालच्या अंगाला काही ठिकाणी पाण्यामुळे नापीक, अशी स्थिती एकाच तालुक्यात निर्माण झाली.

ही असमतोलाची जाणीव राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धतीचा पुरस्कार केला. गावोगाव ठरावीक क्षेत्राचे गट आखावेत, काही वर्षांच्या मुदतीची पाण्याची मंजुरी द्यावी, गटाच्या एका हिश्शातच ऊस असावा, बाकीच्या क्षेत्रात इतर पिके फिरवावीत, अशी तिची कल्पना होती. पाणी थोड्या जागी साचण्याऐवजी अनेक गावांत पसरावे आणि जमीनही सुधारावी, हे दोन्ही हेतू त्यात होते. पण ब्लॉक ज्याला मिळाला त्याचा पाण्यावरील हक्क पक्का झाला आणि ब्लॉक म्हणजे ऊस हे समीकरण रूढ झाले. पाणी पसरवण्यासाठी काढलेल्या शब्दाचे पाणी राखून ठेवण्याच्या शब्दात रूपांतर झाले, हे भाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे.

पुढची पन्नास वर्षे झपाट्याची होती. भाटघरला १९२८ साली नवे, उंच लॉईड धरण पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) १९३२ मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि गुळाच्या जागी साखर आली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे राहिले. सासवडच्या माळ्यांनी नीरेच्या दक्षिणेस माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. सहकाराने कारखान्याची मालकी शेतकऱ्यांपर्यंत आणली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य निर्विवाद आहे. मात्र सभासद होण्यासाठी ऊस हवा आणि उसासाठी पाणी हवे. सहकाराने कालव्याच्या आतली मालकी रुंदावली. कालव्याची रेघ मात्र जागची हलली नाही.

ही रेघ नकाशावर स्पष्ट दिसते. कालव्याच्या दक्षिणेस, कालवा आणि नदी यांच्या दरम्यान, बागाईत. उत्तरेस, सुपे-मोरगावच्या बाजूला, जिराईत. १८७५ साली ज्या सुप्यात दंगा उसळला ते सुपे कालव्याच्या कोरड्या बाजूला राहिले, हा योगायोग बोलका आहे. या जिराईत पट्ट्यात १९७० च्या आसपास, 'कासा' या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या कामाच्या मोबदल्यात धान्य या योजनेतून, पाझर तलावांची कामे झाली. पाणी पडेल तेथे मुरवण्याचा फुल्यांचा मार्ग असा उशिरा आणि तोकड्या स्वरूपात अवलंबला गेला. दुसरी रेघ लांबीची आहे. कालव्याच्या मुखाशी पाणी मुबलक, शेपटाकडे अपुरे. शेपटाला शेतकरी 'टेल' म्हणतात, आणि हे टेल इंदापूर तालुक्यात येते. तेथील बावीस गावांची तक्रार वर्तमानपत्र वाचणाऱ्याला परिचित असेल. वरच्या भागात ऊस जितका वाढेल तितके टेलचे आवर्तन लांबते. १९७९ च्या दांडेकर-देऊस्कर-देशमुख समितीने बारमाहीऐवजी आठमाही पाण्याची शिफारस केली, ती या असमतोलावरच बोट ठेवून. पण उसाचे क्षेत्र काही त्यामुळे आटोक्यात आले नाही.

इंदापूरच्या दुसऱ्या बाजूला भीमेवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखालचे पाणी. या पसाऱ्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतील भीमाकाठची सुपीक गावे गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाणी ओसरले की आजही वर येते आणि छायाचित्रांचा विषय होते. ज्यांचे गाव बुडाले त्यांच्या दृष्टीने ते कौतुक नाही. दुष्काळात उघडी पडणारी ती त्यांची जुनी सातबाऱ्यावरची ओळख आहे. पूर्वीची नदी मैलोगणती रुंद झाली, आणि काठची गावे एकमेकांना दुरावली. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या वाटेवर बोट उलटून सहा जण बुडाले, ते याच पाण्यात.

परंतु या पाण्याने नवी सृष्टीही निर्माण केली. भिगवण-कुंभारगावच्या उथळ फुगवट्यात रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले, मासेमारी वाढली, चिलापीसारख्या परक्या माशाने देशी जातींची जागा घेतली. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. मागे सरकणाऱ्या पाण्याचा पाठलाग करत शेतकरी चर खोदतात, पाइप लांबवतात आणि मृतसाठ्यातले पाणीही उसाला पोहोचते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली. उपयुक्त साठा संपल्यावरही पाणी उपसले जाते आणि त्याची मोजदाद वजा चिन्हाने करावी लागते, असे हे धरण आहे.

आणि या पाण्याचा दर्जा? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. जलपर्णी त्याचीच खूण. २०२१ च्या उन्हाळ्यात उजनीतील पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या टेलच्या गावांना देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कागदोपत्री ते पुण्याहून येणाऱ्या सांडपाण्याचे पाणी मानले गेले. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन झाले आणि मे अखेरीस तो निर्णय रद्द झाला. त्याआधी नीरा देवघरच्या पाण्याचा वाद झाला होता. डाव्या कालव्याला मिळणारे पाणी जून २०१९ मध्ये उजव्या कालव्याकडे, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे वळवण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा डाव्याला ५५ आणि उजव्याला ४५ टक्के अशी विभागणी ठरली. दोन्ही वादांत दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच शब्दप्रयोग होता : 'आमच्या हक्काचे पाणी'. पाणी कोणत्या पिकासाठी, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी क्वचितच विचारला. सह्याद्रीत वसलेल्या ज्या गावांनी या धरणांसाठी आपली शेते दिली त्यांचा हक्क तर या भांडणात औषधालाही नव्हता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कालवा नसता तर काय झाले असते? १८७६ प्रमाणे माणसे उपासमारीने मेली असती का? कालव्याने या भागाला स्थैर्य दिले, रोजगार दिला, दवाखाने आणि शाळा-महाविद्यालये दिली. या पट्ट्यातील शिक्षणसंस्थांच्या उभारणीत उसाच्या पैशाचा वाटा मोठा आहे. मराठीचा वर्ग जेथे भरतो त्या इमारतीच्या पायात नीरेचे पाणी आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कालव्याने दुष्काळ नाहीसा केला नाही; त्याची जागा बदलली. मुखाकडचा दुष्काळ टेलला गेला, खालचा वर राहिला, भीमाकाठचा सुकाळ पाण्याखाली गेला. बीडच्या कोरडवाहू गावांतून दर हंगामात ऊसतोडणीसाठी येणारी कुटुंबे पाचटाच्या खोपीत, भरल्या कालव्याच्या काठावर राहतात. त्यांच्या गावचा दुष्काळ आणि येथील उसाचा फड ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके आहेत.

तुकोबांची पालखी आषाढात ही सगळी वाट चालते. उंडवडीच्या माळावरून बारामतीच्या बागाईतीत उतरते, सणसर, निमगाव केतकी करत टेलच्या इंदापुरातून जाते आणि सराटीला नीरेच्या काठी पादुकांना स्नान घडते. पंढरीला पुढे जी चंद्रभागा दिसते तिच्यातील पाणी उजनीतून सोडलेले असते. डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला या पाच-सहा मुक्कामांत दीडशे वर्षांचा इतिहास वाचता येतो.

साहित्याच्या अध्यापकाने या इतिहासाचे काय करावे? आमच्या मते ग्रामीण साहित्यातील दुष्काळ वाचताना काही साधे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. हे गाव कालव्याच्या वर आहे की खाली? मुखाशी की शेपटाला? विहिरीचे पाणी कोणाचे आणि नदीवरचा पंप कोणाचा? लेखक ज्याला आभाळाचा कोप म्हणतो त्यात पाटकऱ्याची वही, ब्लॉकची मंजुरी, मंत्रालयातील कागद यांचा वाटा किती? असे वाचले म्हणजे नियती हा शब्द आपोआप मर्यादित होतो. पाऊस माणसाच्या हाती नाही, हे खरे. पण नीरेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस कोणाच्या शेतात पोहोचावा हे १८८५ पासून माणसेच ठरवत आली आहेत. जे माणसांनी ठरवले त्याविषयी जाब विचारता येतो आणि ते पुन्हा ठरवताही येते.